कांताच्या खिडकीखालचं रान

फाटक उघडतानाच नागसेनला वास आला. उग्र, घशाला झोंबणारा. कांताच्या औषधांची पिशवी ओट्यावर टाकून तो घरामागे धावला. तिच्या खिडकीखालच्या सगळ्या रानावर तणनाशक फवारलेलं होतं. पानांवर थेंब सुकून पांढरट डाग पडले होते. भिंतीशी अश्विन उभा होता, नाकाला रुमाल बांधून. फवारणीवाला पंप घेऊन केव्हाच निघून गेला होता.

"साप निंगाला होता, बाबा," अश्विन म्हणाला. "आईच्या खिडकीच्या गजाले गुंडाळून होता. तिले उठता येत नाई, वरडता येत नाई. मी का करू मंग?"

"धामण होती थे. रोज येते. काही करत नाई."

"मले का मालूम? तुमाले फोन लावला, तं लागला नाई."

नागसेनने नळाला पाइप लावला आणि एकेक झाड धुवायला घेतलं.

नागसेन थूलने उभा जन्म पुलगावच्या सूतगिरणीत काढला होता. झाडाझुडपांतलं त्याला काही कळत नव्हतं. कापूसही त्याने पाहिला तो गाठींतला. अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवणाऱ्या कांताला लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, तेव्हा त्याने सावंगीच्या दवाखान्याच्या खेपा घातल्या, मालिश शिकला, भात कालवून भरवायला शिकला. पण कांता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बोलवलं तरी वळायची नाही.

मग एका सकाळी खिडकीबाहेर आपसूक उगवलेल्या रुईवर एक केशरी फुलपाखरू बसलं. ते तिच्या नजरेला कसं पडलं कोण जाणे. डावा हात गादीवरून थोडा उचलून ती म्हणाली, "थे."

दीड वर्षात तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. नागसेन स्वयंपाकघरात जाऊन रडला.

दुसऱ्या दिवशी तो नर्सरीत गेला आणि डोळ्यात भरतील अशी फुलझाडं घेऊन आला. ती फुलली, पण त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. तेव्हा तो सायकल काढून नदीकाठी गेला आणि फुलपाखरं कशावर बसतात ते बघत राहिला. जिथे ती बसली, ते उपटून आणलं. एकदांडी, रानतुळस, तरोटा, निर्गुडी. अर्धं मेलं, अर्धं जगलं. शेजारच्या उज्ज्वलाबाई म्हणाल्या, लोक अंगणातलं तण काढतात, हे भाऊजी तण पेरून राह्यले. तो हसला नुसता.

पावसाळा सरता सरता खिडकीखाली गुणगुण सुरू झाली. मधमाश्या आल्या, भुंगे आले. लांब चोचीची एक इवलीशी काळी चिमणी निर्गुडीला लोंबकळायला लागली. सरडे आले, बेडूक आले, त्यांच्यामागे धामण आली. आणि कांताचं तोंड खिडकीकडे झालं. "थे"नंतर "पिवळं" आलं. मग "आलं", "गेलं". दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने त्याला नावाने हाक मारली होती. अर्धवट, अडखळत, पण त्याच्याच नावाने.

दीक्षाभूमीवर जाण्यासाठी अश्विन पुण्याहून आला होता. तिथून परतल्यावर सुट्टी होती म्हणून आईजवळ थांबला. आईवर त्याचा जीव होता, म्हणूनच त्याने फवारणीवाला बोलावला. हे नागसेनला कळत होतं, आणि त्यामुळेच त्याला कुणावर ओरडताही येत नव्हतं.

टाकीतलं पाणी संपलं. मग त्याने पिण्याचा माठ आणून रिकामा केला. रुईची पानं तो लुगड्याच्या तुकड्याने पुसत होता. अश्विनने त्याचा हात धरला.

"सोडा, बाबा. मुळात गेलं असंल आता."

त्याने हात सोडवून घेतला आणि पुसत राहिला.

तिसऱ्या दिवसापासून रान पिवळं पडायला लागलं. आधी तरोटा झुकला, मग एकदांडीची फुलं माना टाकून खाली आली. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. त्या चिमलेल्या पानांवरून उगाच वरखाली फिरत होत्या. नागसेनने त्या एकेक करून सुपात घेतल्या आणि रेल्वेच्या कुंपणाशी वाढलेल्या रुईवर नेऊन सोडल्या. निम्म्या वाटेतच मेल्या.

निघताना अश्विन म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यात लावू ना पुन्हा. मी सुट्टी काढून येतो."

"पुढचा पावसाळा तुह्या आईले कोनं देल्ला?" नागसेन म्हणाला. आवाज चढवला नव्हता. अश्विन आईच्या पायांवर डोकं ठेवून गेला.

कांता काही दिवस खिडकीकडे बघत राहिली. वाळक्या काड्यांवर काहीच येईना. एका सकाळी नागसेन चहा घेऊन गेला, तर तिचं तोंड भिंतीकडे होतं. त्याने पिवळं म्हटलं, आलं म्हटलं, स्वतःचं नाव घेतलं. चहा भरवला, तो ओठांच्या कडेने ओघळून उशीवर गेला. तिने ओठ मिटून घेतले होते.

मग त्याने तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, मान पडू नये म्हणून ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि वस्तीतून ढकलत रेल्वेच्या कुंपणापर्यंत नेलं. लोक बघत होते. उज्ज्वलाबाई मध्ये आल्या, म्हणाल्या, एवढ्या उन्हात कुठं नेऊन राह्यले माणसाले. तो थांबला नाही.

कुंपणाशी रुई उभी होती, धुळीने माखलेली. त्याने खुर्ची तिच्यासमोर लावली आणि कांताची हनुवटी दोन बोटांनी वर केली. एक मालगाडी धडधडत गेली, पानं हलली, पुन्हा स्थिर झाली. फुलांवर एक काळी मुंगी सोडून कुणी नव्हतं. कांता बघते आहे की तिचे डोळे नुसतेच उघडे आहेत, हे त्याला कळत नव्हतं.

त्याने छत्री उघडली. ऊन सरकत होतं, तसा तोही खुर्चीभोवती थोडाथोडा सरकत राहिला, सावली तिच्या तोंडावरून हलू नये म्हणून.