मऊ असताना

त्या ग्रहावर चौहाते आणि खवलेवाले अशा दोन जमाती, आणि त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. युद्ध संपलं, चौहाते जिंकले, आणि कोणालाही विचारा, कोणीच काही केलेलं नव्हतं. "वरून हुकूम होता" म्हटलं की मोकळे. चार-चार काखा असल्यावर काखा वर करायला कितीसा वेळ लागतो!

बंबवालाही चौहाताच. कातघराचा बंब तो सांभाळायचा. खवलेवाले वर्षातून एकदा कात टाकतात, आणि त्यासाठी त्यांना वाफेने भरलेली उबदार खोली लागते. जुनी कात निघाली की दिवसभर ते आंधळे आणि लोण्यासारखे मऊ. त्यात वाफ तुटली तर नवी कात अंगावरच आकसते आणि जीव गुदमरतो. युद्धाच्या शेवटी सगळ्या खोल्या भरलेल्या असताना बंबवाल्याने वाफेचा नळ बंद केला होता. हुकूम होता, हे खरं. पण हात त्याचाच होता, आणि भिंतीपलीकडचे आवाज त्याने उभं राहून ऐकले होते.

तह झाला, कातघर उघडलं. तो जुनाट बंब दुसऱ्या कोणाला चालवता येईना, म्हणून पुन्हा त्यालाच बोलावलं. नळ कोणी बंद केला ते खवलेवाल्यांना ठाऊक नव्हतं. सांगायला आतलं कोणी वाचलंच नव्हतं.

"तोंड उघडू नका," बायको म्हणाली. "पोरांना इथेच दिवस काढायचेत."

तो गप्प राहिला. लोक येता-जाता आभार मानायचे तेव्हा मात्र त्याला धरणीने पोटात घ्यावंसं वाटायचं.

एके सकाळी शाळेतल्या मास्तरीणबाई कात टाकायला आल्या. खवलेवाल्यांत त्या वेळी कोणीतरी हात धरायचा असतो. जो धरेल तो जन्माचा भाऊ, नाहीतर बहीण.

"दादा, तुम्ही धराल का?" त्या म्हणाल्या. "माझं कोणी उरलं नाही. बहीण होती, ती इथेच गेली."

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. कात निघाली. बाईंनी त्याचा हात चाचपून धरला आणि हसून म्हणाल्या, "झालात हं माझे भाऊ."

त्या एका शब्दाने त्याचा बांध फुटला. "भाऊ म्हणू नका, बाई! तो नळ मी बंद केला होता." मग सगळंच बाहेर पडलं, आवाजांसकट. तो ढसाढसा रडला. आणि, लाज वाटते सांगायला, रडून त्याला बरं वाटलं.

बाईंचा हात त्याच्या हातातच होता. काढून घेण्याइतकीही ताकद त्यात नव्हती.

"आत्ता सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मला उठता येत नाही, तुमच्याकडे बघता येत नाही, तेव्हा?"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. आपलं ओझं त्याने या उघड्या अंगावर टाकलं होतं. नळ बंद केला त्याही वेळी आतले सगळे असेच मऊ होते, आणि आजही त्याने अशीच वेळ साधली होती. तो शरमेने काळाठिक्कर पडला.

"हात सोडा," बाई म्हणाल्या. "आणि वाफ?"

"चालू राहील, बाई."

"विश्वास ठेवण्यावाचून माझ्या हातात काय आहे?"

तो बंबापाशी जाऊन बसला. दुपारी बायको डबा घेऊन आली, सकाळचं सगळं ऐकून तिने डबा खाली ठेवला. मग त्याला ओढू लागली. "चला, ती उठायच्या आत निघू!"

"बंब कोण बघेल?"

"बघेल कोणीतरी!"

"कोणी नाही गं."

ती रडत गेली. आपण फार मोठं काही करतोय असं क्षणभर त्याला वाटलं, आणि त्याचीही त्याला शरम वाटली. बंब विझू द्यायचा नाही, एवढंच तर काम होतं. ते त्याला तेव्हाही जमायला हवं होतं.

संध्याकाळी दार उघडलं. बाई बाहेर आल्या. खवले टणक, डोळे उघडे, उंचीला त्याच्याहून हातभर जास्त. बोळात आपापल्या पाळीसाठी आलेले खवलेवाले बाकांवर बसले होते.

"आता सांगा," बाई म्हणाल्या.

"सांगितलं ना, बाई..."

"तेव्हा ऐकणारीला पळता येत नव्हतं, मारता येत नव्हतं. आता येतं. पहिल्यापासून सांगा. या सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बाकांवरचे एकेक करून उठले. बंबवाल्याने भिंतीचा आधार सोडला आणि बोलायला सुरुवात केली.