सात वळणं उतरताना

गॅरेजवाल्यानं दोन्ही तळहात गाडीच्या बॉनेटवर टेकवले, सगळा भार टाकून ते खाली दाबलं आणि हात एकदम काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. तरी ती हलतच होती, तेव्हा त्यानं कंबरेवर हात ठेवले.

"पाळणा झालाय काकू. आत बाळ तेवढं नाही."

"तुम्हीच केलात," वहिनी म्हणाल्या.

"मी? महिन्यापूर्वी इथंच उभं राहून कोण म्हणालं, मिस्त्री, अशी मऊ करा की खड्डा आला-गेला कळता कामा नये?"

वहिनींनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. म्हणाल्या होत्या खऱ्या.

गाडी त्यांच्या यजमानांची. छोटी, चार दारांची, रंगानं कधीकाळी निळी. ते असताना त्यांनी हौसेनं तिला कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या, कारण त्यांचा जीव वळणांवर. वरच्या पठारावरून खाली घराकडे उतरणारी सात वळणं ते अशी घेत, की मागच्या सीटवर ठेवलेला दुधाचा डबा जागचा हलत नसे. त्या डब्याशेजारी वहिनी मागे बसत. आधी मुलं मांडीवर घेऊन, मग भाजीच्या पिशव्या घेऊन. पुढं बसत त्यांच्या नणंदबाई. वन्संची शाळा वर पठारावर. चोवीस वर्षं भाऊ त्यांना सकाळी शाळेत सोडून कामावर जाई आणि संध्याकाळी घेऊन येई. वन्संनी लग्न केलं नाही, हयातभर गणित शिकवलं, आणि त्या पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना कधी खपलं नाही.

पाच वर्षांपूर्वी यजमान गेले. सहासष्टाव्या वर्षी वहिनी गाडी शिकल्या. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मुलानं फोनवर कपाळावर हात मारलेला ऐकू आला. शेजाऱ्यांनी अंगणात खेळणारी पोरं आत बोलावली. वन्सं तेवढ्या निमूटपणे चपला घालून बाहेर आल्या, पुढचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसल्या. त्या दिवशी वहिनींना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण गाडी सुरू करायच्या नादात ते राहून गेलं.

गेल्या वर्षाखेरीस वन्संच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर गुरुवारी वर दवाखान्यात व्यायामाला यायचं. घरी परतलं की खुबा संध्याकाळपर्यंत ठणके. वहिनींनी ठरवलं, हा त्या कडक स्प्रिंगांचा प्रताप. म्हणून गाडी मऊ करून घेतली. आता ठणका दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरू लागला होता.

आणि मंगळवारी वन्संनी माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगितली. धाकट्या बहिणीचा मुलगा रविवारी येऊन त्यांना घेऊन जाणार होता. त्याचं घर पठारापलीकडं, सपाटीवर, तळमजल्याचं. रस्ता ओलांडला की दवाखाना. "तुमची ओढाताण तरी थांबेल," एवढंच वन्सं म्हणाल्या. वहिनींनी बॅग पुसून दिली. एकच कोपरा बराच वेळ पुसत होत्या.

आज शनिवार होता.

"मग आता पुन्हा कडक करा," वहिनी म्हणाल्या.

"इकडे आड, तिकडे विहीर आहे काकू. कडक केली तर रस्त्यावरचा एकेक दगड हाडांना हाक मारून जातो. मऊ केली तर सरळ रस्त्यावर लोणी, पण वळणावर गाडी कलते. माणूस फेकला जातो, सावरायला अंग ताठ करतो, आणि ते ताठ करणंच मग दुखतं."

"मधलं काहीतरी करा की."

"मधलंच तर अवघड. टोकाला काय, कुणीही जाईल."

"मिस्त्री!" सावलीतल्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. "दुखणं माझं आहे. मला विचारशील की नाही?"

गॅरेजवाल्यानं अभावितपणे हातातलं फडकं खाली ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वी तो वन्संच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे.

"विचारतो ना बाई. जाताना दुखतं की येताना?"

"येताना."

"व्यायामानं असेल," वहिनी मध्येच म्हणाल्या.

"व्यायाम बसून करायचा असतो आणि तो मला नीट जमतो," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्यातून बाहेर पडते तेव्हा काही नसतं. घरी उतरते तेव्हा असतं."

"रस्ता तर तोच," गॅरेजवाला स्वतःशीच म्हणाला. "खड्डे काय उतरतानाच उघडतात?"

पण तो कामाला लागला. आधीच्या दोन्हींच्या मधल्या ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या. शॉकअब्सॉर्बर नवे घातले आणि बजावलं, की उसळी स्प्रिंग घेते, पण ती शांत करायचं काम यांचं. तेव्हा हे जरा कडकच हवेत. चाकांतली हवा किंचित कमी केली. दुपार व्हायच्या आत त्यानं पुन्हा बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

"चला, दोन वळणं उतरून परत येऊ. काकू, तुम्हीच चालवा. मी मागे बसतो."

वहिनींनी चालवली. खड्डा आला तो कळला, पण टोचला नाही. वळण आलं, गाडी थोडी झुकली आणि लगेच सरळ झाली. वहिनींनी आरशात पाहिलं. गॅरेजवाला रस्त्याकडे बघतच नव्हता. तो वन्संच्या उजव्या खांद्याकडे बघत होता.

"कसं वाटलं बाई?"

"चांगलं केलंस," वन्सं म्हणाल्या. त्यांचा हात मात्र खुब्यावर होता.

परत आल्यावर त्यानं वन्संना बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि पुढच्या सीटचे बोल्ट बघायचे म्हणून त्या बाजूचं दार उघडलं. बराच वेळ तो आत वाकून होता. मग त्यानं वहिनींना हळूच खुणावलं.

"या मॅट कधीच्या?"

"मी लायसन्स काढलं तेव्हाच्या. तुम्हीच तर दिल्या होत्या, चार."

"चारही सारख्याच होत्या. ही तुमच्या बाजूची बघा. टाचेखाली जरा गुळगुळीत झालीय, बस्स. आणि ही बघा."

त्यानं वन्संच्या पायाखालची मॅट उचलून उजेडात धरली. उजव्या पायाच्या चवड्याखाली रबर झिजून आरपार भोक पडलं होतं. खालचा पत्राही तेवढ्यापुरता चकाकत होता.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "या बाजूला ब्रेक नसतो."

वहिनींनी त्या भोकात बोट घातलं. बोट पलीकडे निघालं.

"चढताना ब्रेक लागत नाही," गॅरेजवाला म्हणाला. "उतरताना लागतो. बाई सातही वळणं उतरतात, ऑपरेशन केलेल्या पायानं. स्प्रिंग त्याला काय करणार?"

"कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत."

"काका वळणाच्या आधी पाय ठेवायचे. गाडी हळू करायची, मग वळणात शिरायचं, आणि शिरल्यावर पाय काढायचा. मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय. तुम्ही?"

"मी वळणात दाबते," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मागच्या सीटवरून पाय दिसत नाहीत हो."

बाकावर वन्सं बशीतला चहा फुंकत होत्या. पाच वर्षं. पहिल्या वर्षी तर वळणावळणावर चाकं किंचाळत, आणि वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणत, यंदा गवत छान वाढलंय.

"नवीन मॅट टाकू?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"नको. हीच राहू दे."

निघताना वहिनींनी आपली सीट एक खाच मागे घेतली. पट्टा लावून वन्संनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

पठार संपलं. पहिलं वळण अजून बरंच पुढं असताना वहिनींच्या डोळ्यांच्या कडेला वन्संची काळी चप्पल मॅटवरून जराशी उचलली गेली. वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवला. थोडा घाईनंच, गाडीला हिसका बसला.

"मांजर होतं का?" वन्संनी विचारलं.

"हो, गेलं."

दुसऱ्या वळणाला चप्पल उचलली गेली तेव्हा वहिनींचा पाय तयार होता. तिसऱ्याला दोन्ही पाय बरोबरच खाली आले, आणि वळणात शिरताना शेजारचा पाय सैल झालेला पाहून वहिनींनीही आपला काढला. गाडी आपसूक वळली. या रस्त्यावर गाडी अशी वळते हे वहिनींना ठाऊक होतं, पण त्यांच्या हातून ती कधी अशी वळली नव्हती. चौथं. पाचवं. मागच्या सीटवर दुधाचा डबा होता. त्याचा आवाज आला नाही.

सहाव्या वळणाला चप्पल उचलली गेली, तशीच अधांतरी थांबली, आणि काहीच न दाबता खाली टेकली.

सातव्याला ती हललीच नाही. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. या वेळी खरंच गवत बघत असाव्यात.

"काय केलं म्हणायचं त्यानं शेवटी?" घर दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं.

"थोडं मऊ, थोडं कडक."

"गणितात काठावर पास होत असे," वन्सं म्हणाल्या. "पण हे जमलं त्याला."

फाटकाशी गाडी थांबली. वन्संनी दार उघडलं, काठी बाहेर टेकवली आणि वहिनी वळसा घालून येण्याची वाट न बघता उभ्या राहिल्या. एक हात गाडीच्या टपावर ठेवून त्या क्षणभर तशाच होत्या.

"वहिनी."

"काय?"

"उद्या तो पोरगा येईल ना, त्याला जेवू घाला पोटभर. पण उजेडातच निघू दे. ही वळणं त्याच्या सवयीची नाहीत, आणि शेजारी कुणी असणार नाही."

त्या फाटक ढकलून आत गेल्या. वहिनींनी हँडब्रेक ओढला. तो लागलेला असतानाही आणखी एकदा ओढून पाहिला, आणि मग डबा घ्यायला मागे वळल्या.