सिंगल बेल

सेक्रेटरी खुर्चीवर चढून भिंतीवरची बेल काढत होता. स्क्रू गंजले होते, पेचकस घसरत होता आणि प्रत्येक हिसक्यासरशी बेल उगाचच किणकिणत होती.

"अरे, भिंत पाडतोस का माझी?" बाई टेबलामागून म्हणाल्या.

"वरून आदेश आहे, बाई. दुपारच्या सत्काराला हवी म्हणे. अध्यक्षसाहेब स्वतःच्या हातानं तुम्हाला भेट देणार आहेत."

"माझीच बेल? मलाच?"

सेक्रेटरीनं पेचकसाकडे बघितलं. "स्टँडवर बसवून देणार आहेत. पितळी पट्टी लावून."

"वा रे वा! उद्या माझीच चप्पल पॉलिश करून देतील, आणि मी टाळ्या वाजवायच्या."

सेक्रेटरीला हसू येत होतं, पण पगार पक्षाचा होता. त्यानं शेवटचा स्क्रू काढला आणि बेल दोरीसकट पिशवीत घातली. भिंतीवर तेवढाच एक गोल डाग उरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बाई राजकारणात आल्या त्या बसमधून. म्हणजे खरोखरच बसमधून. त्या कंडक्टर होत्या आणि त्यांचा नवरा त्याच गाडीवर ड्रायव्हर. डोंगरापलीकडच्या वस्त्यांना जाणारी ती गाडी तोट्यात आहे म्हणून बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा बाईंनी गाडीतले सगळे प्रवासी न उतरवता थेट प्रांताच्या विधानसभेच्या फाटकावर नेऊन उभे केले. गाडी वाचली. पुढच्या निवडणुकीत कुणीतरी गंमत म्हणून बाईंचं नाव सुचवलं, आणि गंमत करणारे बघतच राहिले. तेव्हापासून बाईंना कुणी पाडू शकलं नाही, आणि प्रयत्न काही थोडेथोडके झाले नाहीत.

ती गाडी भंगारात निघाली तेव्हा बाईंनी तिची बेल आणि दोरी मागून घेतली आणि घरातल्या ऑफिसात खुर्चीमागे बसवली. कुणी काम घेऊन आलं, की बाई पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि दोरी ओढायच्या. दोनदा वाजली तर काम होणार, निघा. एकदाच वाजली तर नाही होणार, इथंच थांबा. गोड बोलून झुलवत ठेवणं नाही, उद्या या परवा या नाही. सिंगल बसलेला माणूस चरफडत जायचा, पण त्याचे हेलपाटे वाचायचे. हळूहळू ते गावाच्या तोंडी बसलं. बँकेनं कर्ज नाकारलं की 'सिंगल बसली'. पोरीनं मागणी घालणाऱ्याला नकार दिला तरी 'सिंगल दिली'. शहाणीसुरती माणसंही तसंच बोलायची.

आता मात्र बाईंनाच उतरवायचं ठरलं होतं. कारण होतं बसडेपो. गावाच्या मधोमध ती एवढी मोठी मोकळी जागा, आणि पक्षाच्या अध्यक्षांच्या राजधानीतल्या भाच्याचा धंदा इमारती बांधायचा! डेपो गावाबाहेर हलवायचा प्रस्ताव दोनदा आला आणि बाईंनी दोन्ही वेळा भर विधानसभेत तो हाणून पाडला. डेपो हलला की आधी डोंगरापलीकडच्या गाड्या बंद होणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या गाड्यांनी रोज दवाखान्याची नर्स यायची, कॉलेजच्या मुली यायच्या. त्यांनी काय उडत यायचं? म्हणून या वेळी तिकीट थेट भाच्यालाच. अध्यक्षांनी राजधानीतून फोन केला तेव्हा आवाजात नुसता मध होता.

"बाई, आता तुम्ही फक्त मार्गदर्शन करायचं."

"मार्गदर्शन म्हणजे रस्ता दाखवणं ना? मी दाखवायचा, की तुम्ही मला दाखवताय?"

अध्यक्ष मोठ्यानं हसले होते. हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सेक्रेटरी पिशवी घेऊन गेला, आणि बाई आतल्या खोलीत आल्या. ड्रायव्हरसाहेब बुटांना पॉलिश करत बसले होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाई त्यांना लाडात आणि रागात दोन्ही वेळा ड्रायव्हरसाहेबच म्हणायच्या.

"अहो, अर्ज भरायची मुदत आज संध्याकाळी संपतेय."

"हं."

"हं काय? अपक्ष उभी राहिले तर पक्षाचं चिन्ह नाही, गाड्या नाहीत, माणसं नाहीत. या वयात अनामत जप्त झाली तर लोक हसतील तोंडावर. भीती वाटते मला, सांगून ठेवते."

"वाटणारच."

"मग तुम्ही काहीतरी बोला की!"

त्यांनी बूट उजेडात धरून पाहिला. "ड्रायव्हरनं काय बोलायचं? मला मागचं दिसत नाही. चढलं कोण, दारात लोंबकळतंय कोण, ते कंडक्टरनं बघायचं. तू बेल दे, मी गाडी चालवतो."

"जन्मभर हेच एक उत्तर!"

"जन्मभर अपघात झाला का?"

बाईंना हसू फुटलं, पण ते लपवायला त्या कपाटाकडे वळल्या. थोड्या वेळानं तिकडूनच त्यांनी विचारलं, "आणि हरले तर?"

"तर घरी येऊ. घर कुठं पळून जातंय?"

दुपारी सभागृह खचाखच भरलं होतं. डेपोतले मेकॅनिक, दुकानदार, शाळेच्या बाई, डोंगरापलीकडची ती नर्स, सगळी आली होती. सगळे असे गप्प बसले होते, जणू बाईंना पोचवायलाच आले होते. ड्रायव्हरसाहेब पहिल्या रांगेत कडेला होते.

"मी बोलायचं कधी?" बाईंनी सेक्रेटरीला हळूच विचारलं.

त्याची नजर खाली गेली. "कार्यक्रमात तुमचं भाषण नाही, बाई. वेळ कमी आहे म्हणाले."

वेळ कमी होता, पण अध्यक्षांच्या भाषणाला अंत नव्हता. बाई म्हणजे पक्षाचा कणा, असं ते तीनतीनदा म्हणाले. कणा काढून ठेवून हे ताठ कसे उभे राहणार, असं बाईंच्या जिभेवर आलं होतं, पण माईक अध्यक्षांच्या मुठीत होता आणि ती मूठ काही सुटत नव्हती. शेजारी भाचेबुवा नव्या कोऱ्या कोटात घामाघूम होऊन हसत होते.

मग बेल आली. लाकडी स्टँड, लखलखीत पितळी पट्टी आणि खाली ती जुनी, मळकी दोरी. ती मात्र बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मित्रहो," अध्यक्षांचा आवाज चढला, "बाईंनी आयुष्यभर या बेलनं गाड्या सोडल्या. आज त्याच बेलनं त्या आपल्या तरुण उमेदवाराची गाडी सोडणार आहेत! बाई, वाजवा!"

बाई उठल्या. त्यांनी दोरी हातात घेतली. ओळखीचा खरखरीत पीळ बोटांना लागला. समोरचं सगळं सभागृह त्यांच्या मनगटाकडे बघत होतं. नर्स खुर्चीच्या काठावर आली होती.

बाईंनी दोरी ओढली.

टण्ण.

आवाज छतापर्यंत गेला आणि सावकाश विरला. लोक दुसऱ्याची वाट बघत राहिले. बाईंनी दोरी सोडली, ती डोलत डोलत स्थिर झाली, आणि त्यांनी खुर्चीवरची आपली पर्स उचलली.

पहिल्या टाळ्या अध्यक्षांनी वाजवल्या. भाचेबुवा हात हलवत पुढे झाले. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं, मग कुणी शिट्टी मारली, आणि बघता बघता सभागृह उठून उभं राहिलं. खुर्च्या बडवल्या जाऊ लागल्या.

"बघितलंस?" अध्यक्ष भाच्याच्या कानात ओरडले. "केवढं प्रेम आहे तुझ्यावर!"

सेक्रेटरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो अध्यक्षांना काहीतरी सांगायला पुढे झाला, बाईंकडे त्यानं पाहिलं, आणि तोंड मिटून पुन्हा आपल्या जागी उभा राहिला.

पहिल्या रांगेत ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पाय ब्रेक मारावा तसा आपसूक जमिनीवर दाबला गेला होता. तो उचलून ते शांतपणे उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

बाई बाहेर आल्या तेव्हा गाडी दारातच चालू होती. मागच्या सीटवर नर्स आधीच बसली होती, कुणी न बोलावता.

"अर्जाला सूचक लागतात ना?" ती म्हणाली. "मी आहे. डेपोतले पाठोपाठ येताहेत."

"सरका आत," बाई म्हणाल्या, "जागा आहे."

त्या बसल्या, दार ओढून घेतलं. समोर रस्ता दोन्हीकडे फुटत होता. डावीकडे घर होतं आणि उजवीकडे निवडणूक कचेरी. ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते नुसते बसून राहिले.

बाईंनी हात वर केला आणि गाडीच्या टपाला आतून बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं.

गाडी उजवीकडे वळली.