नेहमीच्या वर्षाची वाट

मित्रांनो, मी एक जुने बर्फ फोडणारे यंत्र आहे. कोरियातल्या उल्लुंग बेटाच्या धक्क्यावर, मासळीच्या होड्या लागतात तिथे, मी उभा असतो. माझ्या तोंडात बर्फाच्या लाद्या टाकायच्या आणि खटका ओढायचा, की चुरा घसरणीवरून थेट होडीच्या पोटात जातो. होड्या निघणार असतील तर मी चालू, नसतील तर बंद. मधले काही मला जमत नाही. माझे सारे आयुष्य हो आणि नाही या दोन शब्दांत मावते.

माझा जन्म बुसानच्या एका कारखान्यात झाला. इकडे येताना मला बोट लागली असती, पण माझ्या पोटात अजून काहीच नव्हते. इथे आलो तो सुगीचा काळ होता. दुपार झाली की होड्या रांग लावायच्या, आणि पहाटे माकूळ मासळीने भरून परत यायच्या. मला चालवणाऱ्या मल्सुनबाई भोपळ्याची चिक्की चघळत माझ्या पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "हा आहे म्हणून बंदर आहे!" मला केवढा अभिमान वाटायचा! वर्षामागून वर्षे मी चालतच राहिलो.

मग समुद्राचे पाणी हळूहळू तापत गेले आणि मासळी उत्तरेला सरकली. मी बंद झालो, तो बंदच राहिलो. माझ्या दात्यांना गंज चढला. घसरणीवर मांजरे झोपू लागली.

त्याच सुमारास सरकारने एक योजना आणली. जुनी होडी मोडीत द्यायची आणि दुसऱ्या धंद्यापुरती भरपाई घ्यायची. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. कप्तान पिल्सू यांच्यापाशी होडीशिवाय काही नव्हते. त्यांना ठरवायचे होते, द्यायची की ठेवायची.

मुख्य भूमीवरून एक साहेब गणित घेऊन आले. माझ्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "आजवरचे सगळे दिवस धरले तर निम्मे दिवस होड्या निघाल्यात. सध्या सलग बंद आहे, म्हणजे निघायचे दिवस बाकी आहेत. प्योंगन्यॉन येणारच."

प्योंगन्यॉन म्हणजे नेहमीचे वर्ष. आमच्याकडे पाऊस, भात, मासळी, सगळे याच शब्दाने मोजतात. यंदा कमी झाले की म्हणायचे, प्योंगन्यॉनपेक्षा कमी. म्हणजे ते कुठेतरी आपल्या जागी बसून आहे आणि आज ना उद्या परत येईल, असे सगळ्यांना वाटते.

"ऐकलंत ना, वहिनी?" पिल्सू खूश झाले. "माझे दिवस बाकी आहेत म्हणे!"

"दिवस काय किमचीसारखे मडक्यात मुरत ठेवलेत, भावजी?" मल्सुनबाई फणकारल्या.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी पिल्सूंची भाची योंजू बोटीने आली. ती बुसानला संख्याशास्त्र शिकवते. माणसे हो म्हणतात की नाही, हे ज्या कारणावर ठरते ते कारणच भटके, जागेवर न परतता सरकतच जाणारे असेल तर काय होते, हाच तिचा अभ्यास. ती आली ती थेट माझ्यापाशी, आणि माझ्या गंजलेल्या दात्यांवरून तिने हात फिरवला.

"मल्सुनमावशी, होड्या निघू की नको करत अडून बसल्या होत्या, असे दिवस किती आठवतात गं?"

"असे कुठले? निघायच्या तेव्हा निघायच्याच. आता नाही तर नाहीच. अडून बसलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके."

योंजूचा चेहरा उतरला. "तेच दिवस खरं शिकवतात. पाणी किती तापलं की होड्या थांबतात, ते अशा काठावरच्या दिवशीच कळतं. म्हणून तर माझं गणित इतकं अंधुक आहे."

"साहेबांचं नाही अंधुक," पिल्सू मागून म्हणाले. "ते म्हणाले, नेहमीचं वर्ष येणार."

"मामा, त्यांचं माप तापून पुन्हा जागेवर परतणाऱ्या पाण्याचं आहे. आपलं पाणी कालच्या जागेवरून आज पुढे निघतं, आणि आजच्या जागेवरून उद्या. त्याला परतायला घर नाही. सरासरी कशाचीही काढता येते, पण सरासरी कुणाला ओढून आणत नाही."

"म्हणजे मासळी येणार नाही?"

"असं नाही म्हणत मी. यायलाच हवी असं काही नाही, एवढंच म्हणते."

"एक काय ते सांग की! येणार की नाही?"

"माहीत नाही, मामा."

"एवढं शिकून माहीत नाही?" पिल्सू हसले, पण ते हसू मला बरे वाटले नाही. "साहेबांना माहीत होतं. जा, जेवून घे."

मुदत गेली. होडी राहिली. दुसऱ्याच दुपारी पिल्सूंनी मला चालू करायला लावले. किती काळाने माझे दाते फिरले! मला आनंद व्हायला हवा होता, पण लादी फोडताना मला भीतीच वाटत होती. होडी काठोकाठ बर्फ घेऊन दूर उत्तरेला गेली.

काही दिवसांनी ती परतली. तिच्यातून मासळी उतरलीच नाही. पंपाने नुसते पाणी बाहेर आले. तो मीच फोडलेला बर्फ होता. मल्सुनबाईंच्या ओठांवर टोमणा आला होता, तो त्यांनी गिळला आणि वाटीभर गरम सूप पुढे केले.

पिल्सू माझ्या घसरणीवर बसले. सूप निवून गेले. मग त्यांनी फोन लावला.

"योंजू, ते तुझं 'माहीत नाही' आहे ना, ते पुन्हा एकदा नीट सांग. या वेळी मी ऐकतो."

पण भरपाईची मुदत कधीच टळून गेली होती. होडी आता धक्क्याला बांधलेली असते आणि मी तिच्याकडे बघत असतो.

मित्रांनो, उद्या कदाचित मलाही भंगारात काढतील. त्याचे मला फारसे दुःख नाही. माझी एवढीच विनंती आहे की, कुणी प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणाले तर त्याला हसू नका. आणि माझे आयुष्य कुणाला सांगाल तर पहिल्या दिवसापासून ओळीने सांगा. मी निम्मे दिवस चालायचो, असे मात्र सांगू नका. मी चालत होतो तेव्हा चालतच होतो, आणि मग थांबलो.