तिरक्या झाकणाचा डबा

मी एक जुना, गोल, पुठ्ठ्याचा, टोपी ठेवायचा डबा आहे. हसू नका, मित्रांनो. डब्याला कसली आलीय कहाणी, असं तुम्हाला वाटत असेल तर माझी हरकत नाही, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण माझ्या पोटात एका अख्ख्या घराची माणसं राहून गेली आहेत. ती आता चांगल्या जागी पोचली. माझ्याजवळ मात्र वेळ थोडा उरला आहे, तेव्हा निमूट ऐका आणि मधे मधे बोलू नका.

माझा जन्म टोप्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानाचे मालक ज्यू होते आणि लोकांना टोप्या घालणं हा त्यांचा अगदी सरळमार्गी धंदा होता. त्या खोलीत दिवसभर किटली उकळत असायची. वाफेवर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, मऊ करायचा, लाकडी डोक्यावर ओढून बसवायचा, कडेने दोरी आवळायची आणि वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी मालकांची सक्त ताकीद होती. टोप्या ते स्वतः करत. डबे करायचं कंटाळवाणं काम त्यांनी आपल्या मुलाच्या गळ्यात मारलं होतं. या मुलाला घरीदारी सगळे दादा म्हणत, कारण त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची आणि त्या घरात तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी दादाने केलेला पहिलावहिला डबा. त्याने पुठ्ठा वळवला, खळ लावली, वरून निळ्या पट्ट्यांचा कागद चढवला, आणि झाकण बसलं तिरकं. मग खळ ओली असतानाच त्याने ते आतून अंगठ्याने दाबून सरळ करायचा खटाटोप केला. त्याचे हात टोप्यांच्या काळ्या रंगाने माखलेले होते. झाकण काही सरळ झालं नाही, अंगठ्याचा काळा ठसा तेवढा आतल्या बाजूला कायमचा उमटला.

मालकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "काय रे, हे झाकण आहे की रुसलेला पाहुणा? एकीकडे तोंड करून बसलंय. गिऱ्हाइकाला दाखवू नकोस बाबा, दुकानाची अब्रू जाईल."

"मला द्या! मला द्या!" धाकटी ओरडली, आणि मी तिचा झालो. ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण माझ्यासाठी ती धाकटीच. मला तिचं दुसरं नाव घेताच येत नाही.

पुढे मालक वारले. त्या शहराची हवाही बिघडत चालली. ज्यू माणसाच्या दुकानात जाऊ नका, असं भिंतींवर लिहिलेलं दिसू लागलं, आणि एका सकाळी आमच्या दुकानाची काच फुटलेली होती. दादाने आईला आणि धाकटीला बोटीत बसवून दूरच्या देशी पाठवायचं ठरवलं. "तुम्ही पुढे व्हा. दुकान विकतो आणि मागोमाग येतोच," तो म्हणाला. आईने आपली चांगली टोपी माझ्यात ठेवली. प्रवासात ती घासू नये म्हणून झाकणाला आतून जाड कागदाचं अस्तर चिकटवलं. दादाचा अंगठा त्या अस्तराखाली झाकला गेला. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नव्या देशात आईची टोपी लवकरच खुंटीवर गेली आणि मी पत्रांसाठी मोकळा झालो. दादाची पत्रं! जांभळी शाई, डोक्यावर आधी देवाचं नाव आणि खाली थट्टामस्करीची रेलचेल. 'दुकानाला गिऱ्हाईक मिळत नाही, पण मला बायको मिळाली,' असं एकात होतं. त्यासोबत लग्नाचा फोटो आला. मग दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या दोघांचा. मग एका गुबगुबीत बाळाचा, ज्याच्या डोक्यावर बापाने भलीमोठी टोपी ठेवली होती आणि खाली नुसती हनुवटी दिसत होती. तो फोटो पाहून धाकटी खदखदून हसली होती. तिचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

कारण पत्रं यायची थांबली. तिकडे युद्ध पेटलं होतं. ज्यू माणसांना घराघरांतून बाहेर काढून नेलं आणि मारलं, लहान मुलांनासुद्धा. मित्रांनो, हे सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं. दादा, वहिनी, बाळ, कुणीच परत आलं नाही. त्यांची कबर कुठे आहे, आहे की नाही, तेही कधी कळलं नाही.

तेव्हापासून मी कपाटावर राहायला गेलो. मी गोल, त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यात नीट मावत नाही. माझ्यावर चादरी आल्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आल्या. पण माझी दोरी सोडायची मुभा फक्त धाकटीला होती. वर्षातून एकदा ती मला खाली काढायची, एखादं पत्र वाचायची आणि पुन्हा दोरी बांधायची. पुढे तिला लेक झाली, ती दारातून विचारायची, "आई, फोटोतली ही कोण गं?" धाकटी म्हणायची, "आहेत आपली माणसं." बस्स, पुढे अवाक्षर नाही. लेक मोठी झाली, तिचे केस पिकले, तरी तिला त्या घरातल्या कुणाचं नाव ठाऊक नव्हतं.

मला मात्र गर्व होता हो! एवढी वर्षं यांना मी जपलं, ऊन लागू दिलं नाही, कसर लागू दिली नाही, असं मी स्वतःशीच म्हणत असे.

मग यंदा एक दिवस धाकटीने पत्र उघडलं आणि घडीवरून ते तिच्या हातात दुभंगलं. कागद पार तपकिरी पडला होता. तिने दोन्ही तुकडे मांडीवर जुळवून पाहिले. शेवटी लेकीला हाक मारून म्हणाली, "हे सगळं पुरायचं."

तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. ज्यू लोक देवाचं नाव लिहिलेला कागद कितीही फाटला तरी फेकत नाहीत, जाळत नाहीत. जुनी प्रार्थनेची पुस्तकं, पानं, सगळं त्यांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या ठिकाणी, एका कोठीत साठवतात. कोठी भरली की ते कबरस्तानात नेतात आणि माणसाला देतात तशी त्याला माती देतात. यंदा कोठी भरली होती.

"दादाला माती मिळाली नाही," धाकटी म्हणाली. "त्याच्या प्रत्येक पत्रावर देवाचं नाव आहे. त्याच्या अक्षराला तरी माती मिळू दे. मी जाण्याआधी एवढं एक व्हायला हवं."

"आणि मला काय उरेल?" लेक म्हणाली. "मला मामाचं नावसुद्धा सांगितलं नाहीस तू. आता त्याचं तोंडही पुरणार?"

"तुला नाही कळायचं."

"कळेल कसं? कधी सांगितलंस का?"

त्यानंतर दोघींचं बोलणंच बंद. चहाचा कप टेबलावर आपटून ठेवायचा आणि निघून जायचं, असा कारभार. मी कपाटावरून बघत होतो. दोघींचंही खरं होतं, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं.

शेवटी लेक म्हणाली, "पुरायच्या आधी एकदा संग्रहालयात दाखवून तरी आणू. ज्यू घरांचे जुने कागद ठेवायला त्यांच्याकडे वेगळी खोली आहे म्हणे. नुसतं दाखवायचं. नंतर तू म्हणशील ते." धाकटीने तोंड वाकडं केलं, पण कोट चढवला. सबंध रस्ताभर मला तिने मांडीवर घट्ट धरलं होतं.

संग्रहालयाच्या त्या खोलीत खिडक्यांना पडदे होते आणि हवा गार, कोरडी होती. तिथल्या बाई चष्म्यावर आणखी एक भिंग लावून बसायच्या. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, पण त्यांचे पेशंट कागदाचे. त्यांनी हात धुऊन पुसले, एकेक पत्र पांढऱ्या कागदावर उतरवलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मावशी, कागद तपकिरी झाला तो या डब्यामुळे. असल्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. ते हळूहळू आतल्या कागदाला खातं. अजून काही वर्षं पत्रं यात राहिली असती तर भुगाच हाती आला असता."

मित्रांनो, तोंडात मारल्यासारखं झालं मला. ज्यांना मी जिवापाड जपलं, त्यांना मीच खात होतो? मला रडता येत नाही, नाहीतर त्या टेबलावर पूर आला असता. धाकटीने मात्र माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक?" तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

बाळाचा फोटो झाकणाच्या अस्तराला चिकटून बसला होता. ओढला असता तर फाटला असता. डॉक्टरीणबाईंनी अस्तराला किंचित वाफ दिली आणि पातळ पट्टीने ते सोडवत नेलं. वाफेचा तो वास आला आणि मला आमची किटली आठवली. फोटो सुटला. बाईंनी तो धाकटीपुढे धरला.

"हा कोण, मावशी?"

धाकटीने बाळाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी हळू. लेकीने तोंडावर हात ठेवला. ते तिचंच नाव होतं. फोटोतलं बाळ मुलगी होती, आणि तिच्यावरून धाकटीने लेकीचं नाव ठेवलं होतं.

बाईंनी मऊ पेन्सिलीने ते पाकिटावर लिहिलं.

"बस्स एवढंच?" धाकटीने विचारलं. "पेन्सिलीने लिहिलं की राहतं?"

"मी आहे तोवर मी सांभाळीन. माझ्यानंतर या खुर्चीत जी बसेल ती सांभाळेल. पण मावशी, नावं तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत. ती पुरली की पुरलीच."

धाकटीची नजर माझ्या झाकणावर खिळली होती. अस्तर निघालं होतं आणि तिथे तो काळा ठसा होता, काल उमटल्यासारखा ठसठशीत. तिने आपला सुरकुतलेला अंगठा त्यावर ठेवला.

"हा दादा," ती म्हणाली, आणि मग जी रडली! लेक धावत जाऊन तिला बिलगली. डॉक्टरीणबाई उठून खिडकीकडे गेल्या आणि उगाचच पडदा सारखा करत राहिल्या.

त्या दिवसापासून धाकटी रोज तिथे जाऊ लागली. प्रत्येक फोटोतला प्रत्येक चेहरा, वहिनीच्या बहिणी, शेजारचा शिंपी, दुकानातलं मांजरसुद्धा, तिने नावानिशी सांगितलं. लेक शेजारी बसून विचारायची आणि बाई लिहायच्या. पत्रं आता आम्ल नसलेल्या कागदात, सपाट खोक्यांत निजली आहेत. चौकोनी आहेत ती खोकी, अगदी शिस्तीची. मला त्यांचा हेवा वाटत नाही. बरं, थोडासा वाटतो.

"डबाही ठेवू आम्ही," बाई म्हणाल्या. "वेगळ्या कपाटात."

"नको," धाकटी म्हणाली. "त्याचं अक्षर तुमच्याकडे राहू दे. त्याचा हात मला द्या. त्यालाच माती देते." बाईंनी ठशाचा फोटो तेवढा काढून घेतला आणि मला तिच्या हवाली केलं.

आता मी सिनेगॉगच्या कोठीत आहे. माझ्यात धाकटीच्या आईचं झिजलेलं प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं आहे. लेक झाकण सरळ बसवायला दोन्ही हातांनी दाबत होती, तर धाकटी म्हणाली, "राहू दे गं तिरकं. दादाचंच आहे."

मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही कपाटावर माझा एखादा भाऊबंद असेल. तो खाली काढा. तो दिसायला छान असला तरी त्याच्यावर विसंबू नका, त्यातले कागद चांगल्या कागदात गुंडाळा. फोटो चिकटवू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कोण, ही कोण. ती गप्प बसली तर पुन्हा विचारा. मग फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव लिहा. एवढं करा, माझी शपथ आहे तुम्हाला.

उद्या सकाळी मला कबरस्तानात नेतील. मला उचलायला लेक आहे, धाकटी तिच्या हाताला धरून चालणार आहे, आणि डॉक्टरीणबाईही येते म्हणाल्या आहेत. तिथे दादाचं नाव मोठ्याने घेतील, वहिनीचं घेतील, बाळाचंही घेतील. पुठ्ठ्याच्या डब्यामागून कधी कुणी चालतं का? उद्या चालणार आहेत.