तिसऱ्या मजल्यावरची मेथी

माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि कैलासने, म्हणजे माझ्या मुलाने, मला गावी, हिंगणीला न नेता सरळ वर्ध्याच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला. लिफ्टच्या जागी बिल्डरने नुसता खड्डा ठेवलाय, त्यावर फळ्या ठोकल्यात. मला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर आणलं, नवरीसारखं. उतरवायला अजून कोणी आलेलं नाही.

"दिवाळीपर्यंत राह्यून पाह्य, आई," कैलास म्हणाला. "मन नाई रमलं तं मी सोता नेऊन देईन हिंगणीले."

पोरगा शब्दाचा पक्का आहे, म्हणून मी राहिले.

सकाळी नऊला तो आणि सून भावना कामावर जातात. भावना दवाखान्यात नर्स आहे. मग मी आणि चार भिंती. खिडकीला जाळी, गॅलरीला जाळी, दाराला जाळी. कोंबड्या आम्हीही टोपल्याखाली झाकतो, पण फक्त रात्री.

कुंड्या भावनानेच आणल्या. "हात रिकामे ठेवू नका आई, काहीतरी लावा." सोबत मातीची पिशवी होती. हात घालून पाहिला तर कसली माती, चहाचा चोथा. "कोकोपीट आहे, नारळाच्या सालीचं," ती म्हणाली. चाळीस वर्षं शेती केलेल्या बाईला सून माती शिकवणार. मी ती पिशवी पलंगाखाली ढकलली आणि प्रेमदासला फोन लावला. तो गावी आमचं वावर, म्हणजे शेत, कसतो.

"धुऱ्याजवळची काळी आनजो, दोन पोते."

बिचाऱ्याने बांधाजवळच्या काळ्या मातीची पोती पाठीवर घेऊन तीन मजले चढवली.

वावरात सोनं असलेली ती माती कुंडीत गेली आणि तिने माझी पार इज्जत काढली. वरून भेगा, खालून चिखल. तुळस आठ दिवसांत कुजली. मेथी दोनदा पेरली, दोन्ही वेळा बी आतच सडलं. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. काळ्या मातीला खोली लागते, पाणी निघायला वाट लागते. वीतभर कुंडीत तिचा जीव कोंडतो. भावना तोंड फिरवून हसली ते मी पाहिलं.

दसऱ्याला मी हट्ट सोडला. पलंगाखालची पिशवी काढली. एक भाग काळी, एक भाग तो चोथा, थोडी रेती, थोडं शेणखत. कुंड्यांच्या बुडाला तापलेल्या खिळ्याने आणखी भोकं पाडली. ऊन या घरात पाहुण्यासारखं येतं, सकाळी घटकाभर स्वयंपाकघरात, दुपारी घटकाभर गॅलरीत. मी वॉकर धरून, पायाने कुंड्या सरकवत त्याच्या मागे फिरायची. चौथ्या दिवशी मेथी उगवली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

कैलासने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आईचं मन रमलं.' ते वाचून मी फोन पालथा ठेवला. दिवाळीला त्याने विचारायचं आणि मी 'नाही' सांगायचं, असं मी मनाशी ठरवून होते. आणि इकडे मी स्वतःच्याच हाताने माझ्याविरुद्ध पुरावा पिकवत होते.

मग मी पाणी बंद केलं. ठरवून केलं. वाळू दे, म्हणजे त्यालाही कळेल. दुसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मेथीने मान टाकली. मी टीव्हीकडे तोंड करून बसले. हिंगणीचं अंगण आठवलं, दारातून वावराकडे जाणारी पायवाट आठवली. घरी जायचं तर फक्त बसून राहायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही. तांब्या कधी भरला ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत मेथी पुन्हा उभी राहिली आणि मला माझाच राग आला.

धनतेरसला कैलास चार नव्या कुंड्या घेऊन आला.

"घराची किल्ली प्रेमदासले देऊन आलो," तो म्हणाला. "बंद घर खराब होते. राह्यतील ते तेथीच."

"तू मले विचारलं काऊन नाई?"

"काय विचारू?"

"मन रमलं का म्हनून. नाई रमलं माझं. मले घरी जाचं हाय."

कैलास हसला. वाईट नाही हसला, लाडाने हसला. गॅलरीकडे बोट दाखवून म्हणाला, "मन रमलं नसतं तं इतकी चांगली मेथी आली असती काय, आई?"

भावनाही हसली. मी खुडायला घेतलेली जुडी तशीच मांडीवर ठेवली.

त्याचे बाबा गेले त्या वर्षी तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी मी वावरात जाऊन हरभरा पेरला. जमिनीतली ओल चालली होती, थांबून भागणार नव्हतं. कैलास तेरवीच्या रात्रीच इथे नोकरीवर परतला होता, त्याने ते पेरणं पाहिलं नाही. पेरणीच्या तासाला, त्या ओळीने चालताना मला समोरचं दिसत नव्हतं इतके डोळे भरलेले होते.

तो हरभरा चांगला आला होता.