दुसरं पान

बँकेतला साहेब वाईट नव्हता, पण त्याचा आवाज मोठा. "तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे, बाई. कर्ज होणार नाही," असं तो म्हणाला तेव्हा मागच्या खुर्च्यांवरची माणसं माना वर करून बघायला लागली. पडदेवालीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवायचा तिचा धंदा. आजवर तिने कुणाची पै बुडवली नव्हती. आता एका हॉटेलाची मोठी ऑर्डर चालून आली होती, तिच्यासाठी जाड कापडाचं मशीन हवं होतं आणि मशीनसाठी कर्ज. स्कोअर मुळात तिने बिघडवलाच नव्हता. धाकट्या भावाने नोकरीला जोड म्हणून कर्जावर टेम्पो घेतला तेव्हा ती त्याला जामीन राहिली होती. दोघांनी शेजारी शेजारी बसून सह्या केल्या होत्या आणि बाहेर आल्यावर त्याने तिला आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. पुढे त्याचे हप्ते थकले, जामीन म्हणून हिचाही स्कोअर घसरला, आणि पठ्ठ्याने बहिणीपाशी ब्रसुद्धा काढला नाही.

आता सरळ मार्ग एकच. रविवारी तो जेवायला येई, तेव्हा विचारायचं, "काय रे, हप्त्यांचं काय झालं?" पण तिची जीभ रेटेना. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याच्याकडे पैशांची गोष्ट काढायची म्हणजे त्याला मान खाली घालायला लावायची. तो पोटभर जेवायचा, जाताना तिच्या जुन्या मशीनला तेल घालायचा, आणि ही मूग गिळून बसायची. असल्या भिडेने कुणाचं भलं झालंय? पण हे बाहेरून बोलायला सोपं आहे.

तेव्हा भावाला न विचारता पत सुधारून देणारा कुणीतरी गाठायचा, असं तिने ठरवलं.

पहिली भेटली ती चष्मेवाली बाई, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. तिने पडदेवालीचा क्रेडिट रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "ही जामिनाची सही तुमचीच?"

"हो. भावाच्या टेम्पोसाठी."

"मग नोंद खरी आहे. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. पुसून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या दारात उभ्या राहू नका, आणि कामाआधी कुणाला पैसे देऊ नका."

"मग तुम्ही करता तरी काय?"

"चुकीच्या नोंदी असल्या की तक्रार करते. तीही तुम्हाला घरबसल्या फुकट करता येते. तुम्ही भावाला घेऊन बँकेत जा, थकलेलं कसं भरायचं ते ठरवा. वर्ष-दीड वर्षात स्कोअर चढेल." मग ती सहज म्हणाली, "भाऊ बोलतो ना तुमच्याशी?"

"न बोलायला काय झालं?" असं म्हणून पडदेवाली तडक जिना उतरली. बाई भलतीच आगाऊ आहे, असं तिने खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ठरवून टाकलं. खरं म्हणजे त्या बाईचा एक शब्द चुकीचा नव्हता. तेच हिला झोंबलं.

दुसरं ऑफिस गारेगार. तिथल्या सुटाबुटातल्या माणसाने कॉफी मागवली, तिला ताई म्हटलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. जो काही विचारत नाही तो भला, असं लाजलेल्या माणसाला वाटतंच. भावाच्या जामिनाचं तिने आपणहूनच सांगितलं. फी आधी द्यायची होती, ती तिने दिली.

"बँकेला एवढंच कळवायचं की सही तुमची नाही," तो म्हणाला.

"पण आहे ना माझी."

"ताई, हा नुसता कागद असतो. बँकेला काही दाखवता आलं नाही की नोंद आपोआप निघते. कुणाला त्रास नाही, काही नाही."

अर्ज दोन पानांचा होता. पहिलं पान वाचतानाच तिचे कान तापले. दुसरं तिने वाचलंच नाही. सही कुठे करायची तेवढं विचारलं आणि करून मोकळी झाली.

काही आठवड्यांनी, मंगळवारी भरदुपारी, भाऊ दुकानात आला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, अंगावर तोच निळा शर्ट. मंगळवारी तो कधी येत नसे.

"बँकेने बोलावलं होतं," तो म्हणाला. "तुझं काम झालं, ताई. मी सांगून आलो, तुझी सही मीच केली म्हणून."

"अरे, काय बोलतोस? सही माझी होती!"

"मला काय माहीत नाही? शेजारीच बसलो होतो की. पण तू लिहून दिलंस तुझी नाही. मग तुला बँकेत खोटी पाडू का?"

"आणि आता तुझं?"

"कंपनीला कळलं तर ठेवणार नाहीत. लोकांच्या इमारतींच्या किल्ल्या खिशात असतात ना." तो ओशाळून हसला. "खांदा मोडला तेव्हा टेम्पो उभा राहिला आणि हप्ते राहिले, ताई. तुला सांगायचं तोंड नव्हतं."

तिला रडूही येईना. "वाचलास तू माझा अर्ज?"

"हो, दोन्ही पानं."

"दुसऱ्यावर काय आहे?"

"जाऊ दे ना," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

तिने शटर ओढलं आणि त्याला तसाच बँकेत नेला. तो दाराशीच थांबला. मोठ्या आवाजाच्या साहेबाने फाइल पुढे सरकवली. दुसऱ्या पानावर छापलं होतं: 'माझ्या भावाला लहानपणापासून लबाडीची सवय आहे. मी त्याच्याशी संबंध तोडले असून त्याला माझ्या घराचं दार बंद आहे.' खाली तिची सही. तिच्याही खाली भावाच्या अक्षरात, 'वरील सर्व मान्य.'

"सही माझी आहे," ती म्हणाली.

"कुठली? कर्जावरची की या अर्जावरची?"

"दोन्ही. भावाने काही केलेलं नाही. खोटं मी बोलले."

"मोठ्याने सांगा जरा."

तिने मोठ्याने सांगितलं. खुर्च्यांवरची माणसं पुन्हा बघायला लागली. नोंद राहणार, कर्ज मिळणार नाही, खोट्या अर्जाबद्दल आणखीही काही निघू शकेल, असं साहेबाने बजावलं. तिने मान हलवली आणि दिलेल्या कोऱ्या कागदावर सगळं खरं लिहून दिलं. या वेळी दोनदा वाचलं.

"झालं, बाई. या तुम्ही," साहेब म्हणाला.

तरी ती खुर्चीतून उठेना. दाराशी भाऊ उभा होता, आणि ते दुसरं पान त्याने पूर्ण वाचलेलं होतं.